जुने केग, अदलाबदल झालेले पोस्ट आणि रिकामा सिलिंडर: एक प्रकरण अभ्यास

गेल्या उन्हाळ्यात आमच्या इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, एका मित्राने घरी बीअर करायला जुने केग, म्हणजे दाबाखाली पेय ठेवायच्या स्टीलच्या टाक्या, घेतले, एकदम चार. विकणाऱ्याने सांगितलं होतं की चारही बॉल लॉक आहेत (केगच्या जोडणीची एक तऱ्हा, दुसरी पिन लॉक), प्रेशर टेस्ट झालेली आहे, फक्त धुवा आणि भरा. मित्राने ओ-रिंगचे, म्हणजे सील करणाऱ्या रबरी कड्यांचे, नवे सेट मागवले, सगळं खोललं, धुतलं, रबर बदललं, परत जोडलं, आणि तिथून पुढे त्याचं एकच गाऱ्हाणं, सिलिंडर टिकत नाही. पाच पाउंडांचा सीओटू सिलिंडर रात्री भरलेला आणि सकाळी ठणठणीत रिकामा. शिवाय दोन केगमध्ये प्रेशर राहत नाही, एकातून नुसता फेस येतो, आणि चौथ्यावर डिस्कनेक्ट, म्हणजे पाइपच्या टोकाची जोडणी, असा घट्ट बसलाय की निघतच नाही, त्याचं झाकणही फुसफुसतं.

हे सगळं सविस्तर लिहितोय कारण जुने केग घेणाऱ्या आपल्या मंडळींचे प्रश्न साधारण हेच असतात आणि त्यांना उत्तरही एकच मिळतं, ओ-रिंग बदल. इथे ओ-रिंग आधीच बदललेल्या होत्या. दोष दुसरीकडेच होता, आणि तो डोळ्यांना दिसत नव्हता, मापाने सापडला.

ज्यांना केग नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं आधी सांगतो. हे कॉर्नी केग म्हणजे मुळात बीअरचे नाहीतच, ते सोड्याचे. अमेरिकेत पूर्वी दुकानांना आणि हॉटेलांना कोल्ड्रिंक या स्टीलच्या टाक्यांतून जायचं, पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या. मिनेसोटातल्या कॉर्नेलियस कंपनीच्या नावावरून त्यांना कॉर्नी म्हणायला लागले, पण बनवणारे आणखीही होते, फायरस्टोन होती, जॉन वूड होती. पेप्सीवाल्यांचे केग बॉल लॉक, कोकवाल्यांचे पिन लॉक. पुढे सिरपच्या पिशव्या खोक्यात घालून द्यायची पद्धत आली, टाक्या अडगळीत गेल्या आणि तिथून घरी बीअर करणाऱ्यांच्या हातात आल्या. म्हणजे आज जो जुना केग तुम्ही विकत घेता त्याने अनेक वर्षं हॉटेलांत काढलेली असतात, मग भंगारवाल्याकडे, मग एखाद्या होमब्रूवाल्याकडे, मग आणखी एकाकडे, आणि या प्रत्येकाने त्यातला एखादा तरी पार्ट बदललेला असू शकतो. टाकीवरचं नाव एक आणि वरचे पार्ट दुसऱ्याचेच, हे इतकं सर्रास असतं की मी नावावर विश्वासच ठेवत नाही.

आता हवा अडते कुठे ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. टाकीच्या माथ्यावर दोन तोट्या वेल्ड केलेल्या असतात, बाहेरून आटे पाडलेल्या. त्यात वरून नळी घालायची, गॅसच्या बाजूला बोटभर आणि बीअरच्या बाजूला तळापर्यंत जाणारी, तिला डिप ट्यूब म्हणतात. नळीच्या वरच्या टोकाला कॉलर असते आणि कॉलरखाली एक छोटी ओ-रिंग. वरून पोस्ट, म्हणजे टोपीसारखा धातूचा पार्ट, फिरवून बसवायचा, त्याच्या आतून आटे असतात, तो नळीची कॉलर खाली दाबतो आणि ओ-रिंग चेपून सील होतं. पोस्टच्या पोटात स्प्रिंगवाला पॉपेट, तो डिस्कनेक्ट काढला की भोक बंद करतो. पोस्टच्या बाहेरून आणखी एक ओ-रिंग, ती डिस्कनेक्टशी सील करते. झाकणाला एक मोठी. अशा एका केगला पाच ओ-रिंग आणि दोन पॉपेट. यात मुद्दा असा की आटे स्वतः हवा अडवतच नाहीत, आट्यांचं काम फक्त दाबायचं. मित्राने गळती थांबेना म्हणून आट्यांना पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळली होती, नळाला गुंडाळतात तशी. त्याचा इथे शून्य उपयोग, उलट टेपमुळे सैल बसलेला पोस्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि खरा दोष लपतो. इथे नेमकं तेच झालं होतं.

मी गेलो तेव्हा त्याला पहिला प्रश्न विचारला, "खोलताना प्रत्येक केगचे पार्ट वेगळे ठेवले होतेस का?" तो म्हणाला, "नाही रे, सगळे एकाच बादलीत टाकले, पीबीडब्ल्यू पावडर घातलेल्या गरम धुण्याच्या पाण्यात, एकसारखेच तर दिसत होते." आठ पोस्ट, आठ पॉपेट, आठ नळ्या, एका बादलीत. मग हाताला येईल तो पोस्ट समोरच्या केगला. हे ऐकल्यावर मला निम्मं निदान तिथेच झाल्यासारखं वाटलं, पण तरी क्रमाने गेलो, कारण वाटणं आणि सापडणं यात फरक आहे.

सगळ्यात आधी केग बाजूला ठेवले आणि सिलिंडर, रेग्युलेटर आणि पाइप एवढंच तपासलं. पाइपच्या टोकाचे डिस्कनेक्ट मोकळे ठेवले, कशालाच न जोडता, सिलिंडर उघडला, रेग्युलेटर, म्हणजे दाब ठरवायचं यंत्र, ३० पीएसआयला (पीएसआय हे दाबाचं माप) लावला, मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि दोन्ही काटे बघत बसलो. जेवण होईपर्यंत काटे जागचे हलले नाहीत. म्हणजे सिलिंडरच्या तोंडाशी जो सीजीए-३२० जोड असतो त्यातला नायलॉनचा वायसर ठीक, पाइपच्या क्लिपा ठीक. ही टेस्ट लोक करत नाहीत आणि थेट केगवर तुटून पडतात. अर्ध्या तासात निम्मी शंका मिटते, फुकटात.

काट्यांबद्दल एक गोष्ट सांगून ठेवतो. सिलिंडरवरचा मोठा काटा किती गॅस उरलाय ते दाखवत नाही. आत सीओटू द्रवरूपात असतो, आणि द्रव आहे तोवर काटा खोलीच्या तापमानाला ८०० पीएसआयच्या आसपासच राहतो, भरलेला असो की थेंबभर उरलेला असो. सिलिंडर फ्रिजमध्ये ठेवला की तोच काटा ५०० च्या घरात येतो, ती गळती नव्हे, थंडी. म्हणून मित्राला रात्री "फुल" दिसला आणि सकाळी शून्य. खरं बघायचं तर वजन करायचं, रिकामं वजन सिलिंडरवर ठोकलेलं असतं. १९ लिटर बीअरमध्ये गॅस भरायला ९० ग्रॅमच्या आसपास लागतो आणि ती ग्लासात ढकलायला आणखी ७० एक ग्रॅम, त्यामुळे पाच पाउंडांत, म्हणजे सव्वादोन किलोत, नासाडी धरूनही आठ-दहा केग आरामात निघायला हवेत. इथे एकही पुरता निघाला नव्हता.

मग केग, एकेक करून. रिकामा केग, तळाला थोडं पाणी, झाकण लावून ३० पीएसआय, गाडीच्या टायरमध्ये असतो जवळजवळ तेवढा दाब. या टाक्यांवर १३० पीएसआय ठोकलेलं असतं त्यामुळे टाकीला हे काहीच नाही, आणि झाकणाची रिंग नीट बसायला असा एक दणका लागतोच. रिकामाच का, तर भरलेल्या केगमध्ये बीअर गॅस पिते, प्रेशर आपोआप उतरतं आणि माणूस गळती शोधत बसतो. मग गॅसचा डिस्कनेक्ट काढून ठेवायचा आणि स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी, स्टार सॅन हे जंतुनाशक असेल तर तेच, ते सगळीकडे मारायचं. बुडबुडा कुठून येतो ते नीट बघा. पोस्टच्या मधल्या भोकातून आला तर पॉपेट. पोस्टच्या षटकोनाखालून आला तर नळीची ओ-रिंग किंवा आटे. डिस्कनेक्ट लावल्यावर त्याच्या कडेने आला तर पोस्टची बाहेरची ओ-रिंग. झाकणाच्या कडेने किंवा प्रेशर सोडायच्या वरच्या रिलीफ व्हॉल्व्हमधून आला तर ते उघडच आहे. मी चारही केगवर टेपचे तुकडे चिकटवून एक ते चार नंबर टाकले, बुडबुडे कुठे दिसले ते टेपवरच लिहिलं.

एक आणि दोन नंबर उंच, सडपातळ, कॉर्नेलियसचे. तीन नंबर फायरस्टोनचा. चार नंबर दिसायलाच वेगळा, बुटका आणि पोट सुटलेला. बॉल लॉक केग साधारण २५ इंच उंच असतो, पिन लॉक दोनेक इंच बुटका आणि अर्धा इंच जाड. म्हणजे चार नंबर मूळचा पिन लॉक, कोणीतरी त्यावर बॉल लॉकचे पोस्ट बसवून दिलेले. त्यात वाईट काही नाही, तसे कन्व्हर्जनचे पोस्ट मिळतात आणि मस्त चालतात, पण घेणाऱ्याला ते माहीत पाहिजे, कारण पुढे पार्ट मागवताना त्याचं माप वेगळं निघतं.

तीन नंबरला गॅसच्या पोस्टखालून नुसते बुडबुडे नाही, फेसाचा गुच्छच येत होता. प्रेशर सोडलं, पूर्ण सोडलं (हे दर वेळी, काही झालं तरी, प्रेशर असताना पोस्टला पाना लावायचा नाही आणि तोंड वर न्यायचं नाही), टेप काढली आणि पोस्ट हाताने फिरवून बघितला. तो बसत होता, पण डुगडुगत होता. दोन बोटांत धरून हलवला तर टिकटिक आवाज येत होता. पान्याने आवळला की घट्ट होतोय असं वाटायचं आणि मग कट्ट करून एक आटा उडी मारायचा, परत सैल. मित्र म्हणाला, "आटे झिजलेत वाटतं, जुना आहे ना." मी खिशातून बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर काढला.

टाकीच्या तोटीचं बाहेरचं माप आलं १४.२ मिलिमीटर. शेजारच्या एक नंबरच्या तोटीचं आलं १५ मिलिमीटर. इथे सगळी गोम आहे. कॉर्नी केगच्या पोस्टला अमेरिकेत मुख्यतः तीन मापं चालतात, ९/१६ इंच, १९/३२ इंच आणि ५/८ इंच, आणि तिन्हींना इंचाला आटे १८ च. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर १४.३, १५.१ आणि १५.९. दोन मापांत फरक आठ दशांश मिलिमीटरचा, डोळ्याला कळत नाही, हातात पोस्ट घेतला तर अजिबात कळत नाही. आणि आट्यांचं अंतर तिन्हींत सारखं असल्याने मोठा पोस्ट छोट्या तोटीवर छान फिरत जातो, अडत नाही. फक्त आटे पूर्ण खोलीने एकमेकांत बसत नाहीत, निम्मेच टेकतात. हाताने लावला तर बसल्यासारखा वाटतो, आवळला की टोकं एकमेकांवरून घसरतात. म्हणजे तीन नंबरच्या ९/१६ च्या तोटीवर १९/३२ चा पोस्ट बसला होता. तो ओ-रिंगला दाबूच शकत नव्हता, मग ओ-रिंग नवी असो की सोन्याची.

मग उरलेला ९/१६ चा पोस्ट कुठे गेला? अर्थातच एखाद्या १९/३२ च्या तोटीवर, आणि तो निघाला एक नंबरवर. इथे उलटा प्रकार, छोटा पोस्ट मोठ्या तोटीवर, तो हाताने लागतच नाही, पहिल्याच आट्याला अडतो. पण मित्राला वाटलं की नवीन ओ-रिंग आहे म्हणून जड जातंय, त्याने पाना लावून जोर केला. स्टीलवर स्टील असं दाबून फिरवलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात, खरवडतात, आणि हळूहळू आटा चपटा होतो. एक नंबरला गळती कमी होती, रात्रभरात प्रेशर निम्मं होण्याइतकी, म्हणून त्याला तो केग "बरा" वाटत होता. खरं तर चारांतला जास्त धोक्यातला तोच होता.

का ते सांगतो. पोस्ट हा सुटा पार्ट आहे, दहा-पंधरा डॉलरला नवा मिळतो. तोटी टाकीला वेल्ड केलेली आहे, तिचे आटे गेले की केग गेल्यातच जमा. आणि तोट्यांतही भेद आहे. ९/१६ ला इंचाला १८ आटे हे नेहमीचं यूएनएफ, म्हणजे बारीक आट्यांचं प्रमाण माप, त्याची आटे पाडायची डाय सहज मिळते, तोटीवरून फिरवली की आटे सरळ होतात. ५/८ चंही तसंच. पण १९/३२ हे माप बाकी कुठे फारसं वापरतच नाहीत, त्याची डाय शोधत फिरावं लागतं. म्हणजे जी तोटी दुरुस्त करायला सगळ्यात अवघड तिच्यावरच जोर झाला होता.

पोस्ट सावकाश उलटा फिरवत काढला, मध्ये मध्ये थोडं पुढे थोडं मागे, पेनिट्रेटिंग ऑइल मारून, घाई न करता. निघाल्यावर बघितलं तर तोटीचा पहिला आटा एका बाजूला चपटा झालेला आणि त्यावर स्टीलचं पातळ केसासारखं कुसळ उभं राहिलेलं. वहिनी टॉर्च धरून उभ्या होत्या, त्यांनीच आधी दाखवलं, "ते बघा, तिथे चमकतंय." खालचे आटे शाबूत होते. मी तिकोनी छोटी कानस घेतली आणि आट्याच्या खोबणीतूनच, तिरकं न जाऊ देता, ते कुसळ घासून काढलं, मग आतल्या कडेवर बोट फिरवून बघितलं, कारण ओ-रिंग त्या कडेवर बसते आणि तिथे ओरखडा असेल तर सगळी मेहनत वाया. कड गुळगुळीत होती. मग कानशीचा कीस आत जाऊ नये म्हणून तोटीत कोंबलेला फडक्याचा बोळा काढला, टाकी उलटी करून धुतली, तेल पूर्ण जाईपर्यंत.

आता वाटणी. आठही पोस्ट टेबलावर मांडले आणि आतलं माप घेऊन दोन ढीग केले, चार मोठे, चार छोटे. एक आणि दोन नंबरला मोठे, तीन आणि चारला छोटे. माप घ्यायला व्हर्निअर नसेल तरी एक युक्ती आहे, नवी ओ-रिंग आणि नळी न घालता नुसता पोस्ट तोटीवर हाताने फिरवायचा. बरोबरचा असेल तर शेवटपर्यंत बोटांनी जातो आणि हलवला तर डुगडुगत नाही. पहिल्या फेरीत अडला तर छोटा आहे, थांबा. गेला पण हलतोय तर मोठा आहे, काढा. पाना हा शेवटच्या अर्ध्या फेरीपुरता, त्याच्या आधी पाना हातात घेतलाच तर काहीतरी चुकतंय असं समजा.

एक नंबरसाठी मात्र नवा १९/३२ चा पोस्ट घेतला. त्याचा मूळचा पोस्ट तीन नंबरवर उड्या मारून आतून खरवडला होता, आणि तसा पोस्ट कानशीने नीट केलेल्या तोटीवर परत चढवणं म्हणजे दुखणं पुन्हा ओढवून घेणं. तीन नंबरच्या तोटीवरून ९/१६ ची डाय हलक्या हाताने एकदा फिरवली. जबरदस्तीने चढवलेला तो छोटा पोस्ट तर टाकूनच दिला, त्याच्या जागी ९/१६ चाही नवा घेतला. सगळ्या ओ-रिंगांना केग ल्यूब, म्हणजे खाण्याच्या ग्रेडचं सिलिकॉन ग्रीस. व्हॅसलिन नको, काही रबरं पेट्रोलियमने फुगतात आणि शिवाय बीअरचा फेसही मरतो.

पॉपेटही मापाचे असतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. कंपनीकंपनीनुसार लांबी आणि स्प्रिंग बदलते. आखूड पॉपेट लांब पोस्टमध्ये गेला की वरपर्यंत दाबला जात नाही, डिस्कनेक्ट काढला की सूंऽऽ करत राहतो, टोचलं की थांबतो, परत सुरू. असा एक तीन नंबरमध्ये होता. तो बदलून युनिव्हर्सल पॉपेट घातला, त्याची स्प्रिंग खाली नळीच्या कॉलरवर टेकते त्यामुळे लांबीचा प्रश्न राहत नाही.

आता दोन नंबर, आणि मला विचाराल तर या सगळ्यातलं खरं शिकण्यासारखं दुखणं हेच. या केगला गळती नव्हतीच. ३० पीएसआयला साबण मारला, एक बुडबुडा नाही. दुसऱ्या दिवशीही काटा तिथेच. पण बीअर भरली की ग्लासात पाऊण फेस. मित्राने फेस येतो म्हणून प्रेशर उतरवलं, १२ वरून ८, ८ वरून ५, आणि फेस वाढतच गेला, बीअरही सपक झाली. फेस दिसला की रेग्युलेटरकडे हात जातो हे मी किती जणांचं बघितलंय. आधी पाइपकडे बघा. मी पारदर्शक पाइप डिस्कनेक्टपाशी धरला आणि नळ उघडला. पहिल्यांदा नुसता गॅस थुंकल्यासारखा आला, मग बीअर, आणि बीअरमध्ये डिस्कनेक्टपासूनच बुडबुड्यांची सलग माळ. नळापाशी नाही, मध्ये नाही, अगदी सुरुवातीपासून. म्हणजे बीअर केगमधून निघतानाच तिच्यात गॅस मिसळतोय.

बीअर तळातून नळीने वर येते. वरच्या मोकळ्या जागेत गॅस आहे. नळी वाहती असताना तिच्या वरच्या टोकाशी दाब मोकळ्या जागेतल्या दाबापेक्षा थोडा कमी असतो. तिथे नळीला कुठे बारीकशी चीर असेल किंवा कॉलरखालची ओ-रिंग फाटलेली असेल तर गॅस आत शिरतो, बाहेर नाही. बाहेर साबण कितीही मारा, काही दिसणार नाही, कारण गळती केगच्या आतल्या आतच आहे. आणि नळ बंद असताना त्याच चिरेतून गॅस नळीत शिरतो, नळीतली बीअर खाली उतरते, म्हणून प्रत्येक ग्लासाची सुरुवात थुंकीने.

प्रेशर सोडून पोस्ट काढला, ओ-रिंग बघितली, चांगली होती. मग लांब नळी बाहेर काढून खालचं भोक अंगठ्याने बंद केलं, नळी सिंकवर उभी धरली आणि वरून पाणी भरलं. कॉलरच्या खाली, ओ-रिंग बसते त्याच्याही जरा खाली, पाण्याचा एक मणी जमला, मोठा झाला, आणि ओघळला. पुसलं, परत जमला. भिंगातून बघितल्यावर केसाएवढी आडवी भेग दिसली आणि कॉलरच्या कडेला स्क्रू ड्रायव्हरने उचकटल्याची खूण. कधीतरी कोणीतरी अडकलेली नळी अशी उपसून काढली असणार. बरेच लोक इथे ओ-रिंग बदलून नळी परत घालतात आणि फेस चालूच राहतो. नवी नळी घातली, प्रेशर परत १२ वर नेलं, फ्रिज ३८ फॅरनहाइटला, म्हणजे साधारण तीन अंश सेल्सिअसला, आणि बीअर व्यवस्थित, दोन बोटं फेस.

अडकलेली नळी काढायची असेल तर उचकटू नका. पोस्ट काढून झाकण उघडा, आत हात घालून नळी खालून वर ढकला, नाहीतर गरम पाण्यात तेवढा भाग भिजवा, जुनं रबर सुटतं.

चार नंबरचं लवकर आटपतं. टाकीच्या माथ्यावर एका बाजूला आय-एन आणि दुसऱ्या बाजूला ओ-यू-टी ठोकलेलं असतं, आणि बॉल लॉकच्या गॅस पोस्टच्या षटकोनावर खाचा असतात, बीअरच्या पोस्टवर नसतात. दोन्हींची जाडी किंचित वेगळी. इथे खाचावाला पोस्ट बीअरच्या बाजूला आणि बिनखाचांचा गॅसच्या बाजूला गेला होता, मग गॅसचा राखाडी डिस्कनेक्ट बिनखाचांच्या पोस्टवर दाबून बसवला, तो बसला आणि रुतला. ओढाताण करायची नाही. गॅस बंद करून प्रेशर सोडलं, डिस्कनेक्टवरून पाइप काढला आणि डिस्कनेक्टसकट पोस्टच पान्याने खोलला, मग पॉपेटच्या बाजूने आतून हळू ठोकून वेगळे केले. या केगच्या झाकणाला ओढायची रिंग नव्हती, बऱ्याच पिन लॉकना नसते, म्हणून प्रेशर सोडायला उघड्या पोस्टचा पॉपेट दाबून धरावा लागला. झाकण बदलून रिलीफ व्हॉल्व्हवालं घेतलं, फुसफुसही गेली. जुन्या पिन लॉकवर मी हा खर्च टाळत नाही, कारण प्रेशर हाताने सोडता येणं ही सोय नाही, सुरक्षितता आहे.

सुरक्षिततेचं निघालंच आहे तर, रात्रभरात पाच पाउंड सीओटू बंद गॅरेजमध्ये सुटला होता. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, वास नाही. फ्रिज तळघरात किंवा बंद खोलीत असेल तर गळती सापडेपर्यंत सिलिंडरचा व्हॉल्व्ह रात्री बंद करत जा आणि सकाळी दार उघडून मगच आत जा, लहान मुलं असतील तर विशेष.

वासाचंही सांगतो. तीन नंबरच्या झाकणाची रिंग तेवढी मित्राने बदलली नव्हती, "चांगली दिसतेय" म्हणून. तिला रूट बीअरचा (बीअर नव्हे, एक अमेरिकन कोल्ड्रिंक) वास येत होता, इतक्या वर्षांनंतरही. रबरात मुरलेला सिरपचा वास धुऊन जात नाही, आणि तो बीअरमध्ये उतरतो. झाकणाची रिंग बदला, न बघता बदला. आणि टाकी ब्लीचने धुऊ नका, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

काम झाल्यावर आम्ही प्रत्येक केगच्या तळाच्या रबरी बुटावर मार्करने माप लिहिलं, १९/३२ किंवा ९/१६, आणि चार वेगवेगळे डबे केले, एका वेळी एकच केग खोलायचा आणि त्याचे पार्ट त्याच डब्यात. बादली बंद.

पुण्या-मुंबईहून भाऊ, मित्र विचारतात की आम्हालाही असे केग मिळतील का, तर लक्षात ठेवा की अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बीअरला केंद्राच्या पातळीवर सूट मिळाली, एका प्रौढाच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००, विकायची नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बीअर करता येत नाही, दारूबंदी कायदा लागू आहे. पण हेच केग सोडा, कोंबुचा, कोल्ड ब्रू कॉफी यांना तितकेच चालतात आणि फिटिंगची दुखणी तिथेही हीच.

चार नंबर वहिनींनी कोकमासाठी मागून घेतला. कोकम सरबताला बीअरपेक्षा जास्त गॅस लागतो, ३० पीएसआय आणि पाइप चांगला लांब, नाहीतर ग्लासात नुसता फवारा. एक पथ्य मात्र मी त्यांना सांगितलं आणि इथेही सांगतो, मीठ आणि सैंधव केगमध्ये घालायचं नाही. कोकम आंबट, त्यात मीठ, आणि ते आठवडाभर स्टीलमध्ये, म्हणजे वेल्डच्या जागी खड्डे पडायला आमंत्रण. केगमध्ये फक्त कोकमाचा बिनमिठाचा रस, साखर आणि पाणी, गाळून, कारण कोकमाचा एक तंतू पॉपेटखाली अडकला तरी तो बंद होत नाही. जिरेपूड आणि मीठ ग्लासात, देताना.